कासवाला चिंच लावू नका : मेजावरच्या जपानी धातुशिल्पांचा आढावा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून, एक कासव बसलेले असते. नाशिकच्या इंदिरानगरात संध्याकाळी वारा सुटला की बाल्कनीचे दार उघडे ठेवावेसे वाटते आणि मग कासवाची गरज पडते. लांबी नऊ सेंटिमीटर, वजन 412 ग्रॅम. मान किंचित डावीकडे वळलेली, पुढचा एक पाय उचललेला. शेपटीच्या जागी मात्र लांब बटांचा झुपका मागे पसरलेला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो ओतकामातला दोष वाटतो. तसे नाही. फार वर्षे जगलेल्या कासवाच्या पाठीवर शेवाळ वाढते आणि ते पोहू लागले की मागे लहरत राहते, अशी जपानी समजूत आहे. अशा कासवाला तिथे 'मिनोगामे' म्हणतात. 'मिनो' म्हणजे पावसात शेतकरी अंगावर घेतो ते गवताचे आच्छादन. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांत इरले पाहिलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: इरले पांघरलेले कासव.

घरी येणाऱ्यांचे लक्ष या कासवाकडे जातेच. कुणी विचारतात, उत्तरेकडे तोंड करून पाण्यात का ठेवले नाही? कुणी विचारतात, कितीला पडले? आणि एखादी मावशी अगदी मायेने म्हणते, "काळं पडलंय हो. जरा पितांबरीने घासून घ्या, बघा कसं लखलखेल." शुभाशुभ, किंमत आणि लखलखाट. अशा वस्तू जमवण्याच्या छंदाच्या वाटेतले आपल्याकडचे तिन्ही अडथळे या तीन वाक्यांत आले. आता फोनवरून जपानमधल्या लिलावात बोली लावता येते आणि वस्तू महिन्याभरात दारात येते, त्यामुळे नव्याने जमवायला लागलेल्यांपुढे हे प्रश्न रोज उभे राहतात. माझे म्हणणे आधीच सांगतो. या वस्तूंचे खरे मोल त्यांच्या कातडीत, म्हणजे धातूवर कारागिराने मुद्दाम चढवलेल्या रंगात आहे. तांब्या-पितळेच्या घरात वाढलेल्या नाशिककराकडे ती कातडी ओळखण्याची निम्मी तयारी आधीच असते. आवरायची आहे ती घासण्याची सवय.

जपानी भाषेत शोभेच्या छोट्या शिल्पाला 'ओकिमोनो' म्हणतात, शब्दशः 'ठेवायची वस्तू'. पारंपरिक घरातल्या बैठकीच्या खोलीत 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा असतो. त्यात एक चित्र, एक फुलदाणी आणि एखादा ओकिमोनो, एवढेच मांडायचे आणि ऋतूप्रमाणे बदलायचे. पण मेजाच्या दृष्टीने मला त्याहून जवळची वाटतात ती लेखनाची उपकरणे. 'बुनचिन' म्हणजे कागदावर ठेवायचे वजन. 'सुइतेकी' म्हणजे शाईच्या दगडावर थेंबथेंब पाणी सोडायची छोटीशी झारी. जपानी शाई वडीच्या रूपात असते. ती दगडावर उगाळायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी, आणि त्यासाठी पाणी मोजून लागते. म्हणून सुइतेकीला दोन छिद्रे: एक पाण्याचे, एक हवेचे. हवेच्या छिद्रावर बोट ठेवले की धार थांबते, उचलले की थेंब पडतो. ही झारी बेडकाच्या, सशाच्या, बैलावर बसलेल्या मुलाच्या आकारात ओतलेली असते. हातात घेऊन वापरायची, आणि वापरून झाली की नुसती पाहायची. मेजावरच्या धातुशिल्पाचे हे कुळ मला सर्वांत अस्सल वाटते, कारण ते कामातून जन्मले.

उरलेल्या बऱ्याच वस्तूंचा जन्म मात्र एका मोठ्या बेकारीतून झाला आहे. 1868 मध्ये मेइजी राजवट आली, सामुराईंचे दिवस संपले आणि 1876 मध्ये सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी घातली. तलवार गेली तशी तलवारीची मूठ, पट्ट्या, मुठीशेजारची नक्षीदार चकती, म्हणजे 'त्सुबा', घडवणाऱ्या कारागिरांची मागणी बसली. पिढ्यान्‌पिढ्या दोन बोटांच्या जागेत सोन्याचा सारस आणि रुप्याची लाट बसवणारे ते हात. ते फुलदाण्या, सिगारेटच्या डब्या, पशुपक्ष्यांच्या मूर्ती यांकडे वळले आणि गिऱ्हाईक झाले युरोप-अमेरिका. 1873 च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात नव्या जपान सरकारने पहिल्यांदा अधिकृत भाग घेतला. 'ललित कला' या अर्थाचा जपानी शब्द, 'बिजुत्सु', त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने घडवावा लागला. तोवर कला आणि कारागिरी असे दोन वेगळे कप्पे तिथे नव्हते. मुळात आपल्याकडेही नव्हते.

चिलखत घडवणाऱ्या म्योचिन घराण्याची गोष्ट यात वेगळी काढून सांगायला हवी. मेइजीच्या आधीच्या, लढाया थांबलेल्या एदो काळातच त्यांनी लोखंडाचे साप, नाग, खेकडे, कोळंब्या घडवायला सुरुवात केली होती. प्रत्येक सांधा हलतो, नांगी उघडते, सापाचे अंग वळवावे तसे वळते. याला 'जिझाइ ओकिमोनो' म्हणतात. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातला म्योचिन मुनेआकीचा लोखंडी ड्रॅगन 1713 सालचा आहे. अंगाला चिकटून वाकणारे चिलखत करता करता माणूस सापापर्यंत पोचला, हे त्यातले तर्कशास्त्र. आज मित्सुता हारुओ हा शिल्पकार याच रीतीने तांब्या-पितळेचे किडे घडवतो. त्यांचे पायही हलतात.

मुंबईशी या सगळ्याचा संबंध 1893 या एका सालात गुंफलेला आहे. त्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सुझुकी चोकिची याने घडवलेले बारा ससाणे मांडले होते. बारा पक्षी, बारा वेगळ्या मुद्रा, आणि पिसांचे रंग रंगाने न देता मिश्रधातूंनी साधलेले. त्याच प्रदर्शनाच्या जोडीने भरलेल्या सर्वधर्म परिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद त्या जुलैत योकोहामाहून जहाजात बसले आणि त्याच जहाजावर जमशेटजी टाटा होते. टाटांचे जपानशी काम होते ते कापसाचे. इंग्रजी जहाज कंपन्यांच्या चढ्या भाड्याला शह देण्यासाठी त्यांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी बोलणी केली आणि त्याच वर्षअखेर मुंबई ते कोबे अशी जहाजे सुरू झाली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस जाऊ लागला आणि परतीच्या वाटेने जपानी माल मुंबईच्या बाजारात येऊ लागला: काड्यापेट्या, कापड, खेळणी, शोभेच्या वस्तू. जुन्या घरांतल्या काचेच्या कपाटात एखादा जपानी पितळी हत्ती किंवा सारस दिसला तर तो कोणत्या वाटेने आला असेल, याचे हे एक उत्तर.

जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा (1871-1918) हे या विषयातले आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचे यॉर्क हाउस हे घर होते आणि त्यात त्यांनी युरोपीय चित्रांबरोबर चिनी-जपानी कलावस्तू जमवल्या. पाटलीपुत्राच्या उत्खननाला स्वतःच्या खिशातून पैसे देणारे तेच. त्यांच्या निधनानंतर तो संग्रह मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाला, आणि 1933 मध्ये थोरले बंधू सर दोराबजी यांचा संग्रहही तिथेच आला. 1922 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूत, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, चिनी-जपानी कलेचे दालन आहे ते या देणग्यांच्या बळावर. ज्यांना हा छंद लागतो आहे त्यांनी पहिला रुपया खर्च करण्याआधी नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडावी, त्या दालनात दोन तास काढावेत आणि काचेला नाक लावून धातूचा रंग पाहावा. छायाचित्रात तो कधीच उतरत नाही.

दुसरे नाव आपल्या नाशिक जिल्ह्यातले आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावात जन्मलेला गोपाळ पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात जपानी वस्तूंचा विभाग आहे. 1910 मध्ये महाराजांनी स्वतः जपानचा प्रवास केला. लोकांना जग पाहता येत नाही तर जग बडोद्यात आणून ठेवावे, ही त्यांची दृष्टी त्या दालनांतून फिरताना जाणवते. कवळाण्याच्या मातीतून निघालेल्या माणसाने जमवलेले जपान पाहायला नाशिककरांनी एकदा बडोद्याला जायला हरकत नाही.

मराठी माणसाला सर्वांत ओळखीची जपानी कल्पनेची मेजमूर्ती मात्र राजवाड्यातली नाही. गांधीजींच्या मोजक्या वस्तूंमध्ये तीन माकडांची ती छोटी मूर्ती होती, आणि सेवाग्रामला गेलेल्या प्रत्येकाच्या मनात ती बसलेली असते. डोळे, कान आणि तोंड झाकलेली ही माकडे निक्कोच्या तोशोगू देवस्थानातल्या घोड्यांच्या पागेवर सतराव्या शतकात कोरलेली आहेत. त्यांची नावे मिझारू, किकाझारू, इवाझारू: न पाहणारा, न ऐकणारा, न बोलणारा. जपानीत 'सारू' म्हणजे माकड आणि 'झारू' हा जुना नकारार्थी प्रत्यय. त्या उपदेशाला माकडे जोडली गेली ती बहुधा या श्लेषातून.

असे श्लेष आणि संकेत कळले की बाजारातल्या ढिगातून निवड करणे सोपे जाते. बेडूक हा जपानीत 'काएरू' आणि 'परत येणे' या क्रियापदाचा उच्चारही तोच, म्हणून प्रवासाला निघालेला माणूस बेडूक जवळ ठेवतो. ससा चंद्रावर असतो हे तिथेही मानतात. जातककथांबरोबर तो इथूनच गेला. तांदळाच्या पोत्यांवर हातोडा घेऊन बसलेला, शेजारी उंदीर असलेला हसरा देव दिसला तर तो दाइकोकुतेन, म्हणजे नावाने आपला महाकाल. वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे सरस्वती. चिलखत घातलेला बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. भेटवस्तूंच्या दुकानांत 'लाफिंग बुद्धा' म्हणून जो ढेरपोट्या विकला जातो तो बुद्ध नाहीच. तो चिनी भिक्षू बुदाइ, जपानी सप्तदेवतांमधला होतेइ. एवढे माहीत असले तरी निम्मी फसवणूक टळते.

परदेशी छोटी धातुमूर्ती आपल्या मातीत येणे हीदेखील नवी गोष्ट नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात गेल्या शतकाच्या चाळिशीत वीतभराहून लहान अशी पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती सापडली. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहन काळात रोमशी व्यापार करणाऱ्या कुणी हौशी माणसाने ती घरात मांडली असणार, असे मला नेहमी वाटते. आणि स्वतःचे म्हणायचे तर श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेले हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ यांच्यापुढे जगातले बरेच धातुकाम फिके पडते. चार वस्तू मिळून साठ किलोंहून जास्त भरीव ओतकाम. मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा, ही रीत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात सांगितली आहे. जपानी ओतारीही मेणाचाच नमुना करतो. घरातल्या मूर्तीची उंची अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंत असावी असे मत्स्यपुराण सांगते. आपल्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचे टाक त्या मापाचे असतात, आणि माझे कासवही.

फरक पडतो तो रस थंड झाल्यानंतर. आपल्याकडे ओतीव वस्तू कानशीने साफ करतात, उजळतात आणि तिचा चकचकीतपणा हीच तिची शोभा मानतात. जपानी कारागिराचे खरे काम तिथे सुरू होते. 'शाकुदो' हा तांब्यात थोडे, शेकड्यात चार-पाच भाग, सोने घालून केलेला मिश्रधातू. तसा पाहिला तर तो तांब्यासारखाच तांबूस. 'शिबुइची' म्हणजे 'एक चतुर्थांश': तीन भाग तांबे, एक भाग चांदी. वस्तू घडवून झाली की ती निर्मळ घासतात, मुळ्याच्या किसाच्या रसात बुडवतात आणि मग मोरचूद व 'रोकुशो' नावाच्या ताम्रक्षाराच्या पाण्यात उकळतात. शाकुदो बाहेर येतो तो कावळ्याच्या पंखासारखा निळसर काळा. शिबुइची पावसाळी ढगासारखी करडी होते. शुद्ध तांबे विटकरी-लाल होते. सोने तसेच राहते. एकाच उकळीत चार धातू चार रंग घेतात. म्हणून चोकिचीच्या ससाण्यांना रंगाचा ब्रश लागला नाही.

मराठवाड्याच्या सीमेवरच्या बिदरची बिदरी ज्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. बिदरीत जस्ताचे प्रमाण फार मोठे आणि तांबे थोडे. किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून चोळली की जस्त गडद काळे पडते आणि चांदीची जडणूक पांढरी राहते. काळे करायचे ते उजळ दिसावे म्हणून, हा विचार दोन्हीकडे एकच. बिदरी फुलदाणी चिंचेने घासायची नाही, हे ज्या घरात माहीत आहे त्या घरात जपानी वस्तू सुरक्षित आहेत.

माझ्या घरात ते सांगायचे राहून गेले होते. कासवाआधी माझ्याकडे एक बेडूक होता, अंगठ्याएवढा, पाठीवर काळपट तपकिरी रंग आणि कंठाखाली फिकट झाक. दिवाळीच्या साफसफाईत समया, निरांजने, ताम्हण यांच्याबरोबर तोही चिंच-मिठाच्या पाण्यात गेला. बाहेर आला तो पिवळाधमक. घासणाऱ्याची काही चूक नव्हती. त्या हातांनी पन्नास वर्षे तांबे-पितळ असेच जपले होते. पण कंठाखालची ती झाक गेली आणि ती परत आणता येत नाही. बेडूक आजही कपाटात आहे. त्याच्याकडे पाहिले की कारागिराचे निम्मे काम आपण पुसून टाकले, ही टोचणी लागते.

कासव घेतले तेव्हा मी ते भांडी बाजारात एका जुन्या दुकानदाराकडे नेले. त्यांनी ते तळहातावर तोलले, नखाने टिचकी मारली, कानाशी धरले, उलटे करून पोटाकडून पाहिले. "काका, हे पितळ नाही. पितळ असं बोलत नाही. कासंपण नाही, कासं लांब वाजतं. यात शिसं आहे थोडं." मग ते म्हणाले, "मोडीत देऊ नका." जपानी ओतीव ब्राँझमध्ये तांबे आणि कथलाबरोबर शिसे घालतात, रस बारीक नक्षीत नीट उतरावा म्हणून. ज्या माणसाने ओकिमोनो हा शब्द कधी ऐकला नाही त्याने हे एका टिचकीत सांगितले. आपल्या शहरातले हे ज्ञान संग्राहकाच्या कामाचे आहे आणि ते पुस्तकांहून लवकर संपत चालले आहे.

ज्यांना असे कान नाहीत त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. आधी वस्तू तोलायची. मग दोऱ्याने बांधून मोजपट्टीच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवायची आणि पाणी किती चढले ते पाहायचे. माझ्या कासवाने 48 मिलिलिटर पाणी चढवले. 412 ला 48 ने भागले की साधारण 8.6 येते. ब्राँझ आणि पितळ साडेआठच्या आसपास असतात, जस्ताचा हलका धातू सातच्या थोडा वर, आणि ब्राँझची पूड घालून ओतलेले राळेचे शिल्प कितीतरी खाली. वस्तू पोकळ असेल तर पोकळीत पाणी भरू द्यावे, नाहीतर हिशेब चुकतो. लोखंडी वस्तू मात्र पाण्यात घालू नये. तिला लोहचुंबक लावला की पुरे. बुडाखालची कड पाहावी: जिथे रंग झिजला आहे तिथे आतून पिवळे दिसते की पांढरट? पांढरट दिसले तर जस्त किंवा अँटिमनी. साच्याच्या जोडाची रेघ पोटावरून सरळ जात असेल तर वस्तू मोठ्या संख्येने काढलेली.

सहीवर मात्र फार विसंबू नये. एदो काळातला ओतारी मुराता सेइमिन (1761-1837) कासवांसाठी इतका नावाजला की त्याच्या नावाचा शिक्का पुढे कितीतरी कासवांच्या पोटावर उमटला. माझ्या कासवावर तो नाही, याचा मला आनंद आहे. 'निप्पॉन' आणि 'जपान' या इंग्रजी अक्षरांवरून काळ थोडाफार ठरवता येतो. 1890 च्या अमेरिकी जकात कायद्यामुळे आयात मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले आणि 1921 पासून 'निप्पॉन'ऐवजी 'जपान' लिहावे लागले. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्यातल्या जपानची, 1952 पर्यंतची.

जुनी ब्राँझ जपानमध्ये विरळ का, याचे एक कारण त्या युद्धातच आहे. 1941 च्या हुकमाने घराघरांतला धातू गोळा करण्यात आला. देवळांच्या घंटा गेल्या, रेलिंगे गेली, भांडी गेली. धन्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याचा शिबुया स्टेशनसमोरचा 1934 चा पुतळाही 1945 मध्ये वितळवला गेला. आज तिथे आहे तो 1948 चा दुसरा. परदेशी विकल्या गेलेल्या वस्तू वाचल्या. ज्या मेइजी निर्यातमालाला जपानमध्येच बरीच वर्षे हलक्या नजरेने पाहिले गेले, तो आता तिथले संग्राहक परदेशांतून परत विकत घेत आहेत. क्योतोचे कियोमिझु सान्नेनझाका संग्रहालय, 2000 साली सुरू झालेले, अशाच परत आलेल्या वस्तूंवर उभे आहे.

मग आपण काय घ्यावे? हलत्या सांध्यांचे जुने जिझाइ आणि नामांकित मेइजी कारखान्यांचे हत्ती-वाघ हा लिलावगृहांचा खेळ आहे. तिथे शिरूच नये. अँटिमनीच्या डब्या आणि मूर्ती हा तोक्योचा जुना उद्योग. त्या स्वस्त मिळतात आणि नक्षी गोड असते, पण त्यात शिसे असते, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. माझा कल दोन गोष्टींकडे आहे. एक, विसाव्या शतकाच्या मधल्या काळातली साधी बुनचिन आणि सुइतेकी, ज्यांच्यावर कुणाचीच सही नाही. दुसरी, आजच्या ताकाओकाचे काम. तोयामा प्रांतातल्या या गावी 1611 मध्ये मायेदा तोशिनागा या सरदाराने सात ओतारी आणून वसवले आणि जपानचे बहुतेक तांब्या-ब्राँझचे ओतकाम अजून तिथेच होते. मुलांना सांगायचे असेल तर डोरेमॉनचा जनक त्याच गावचा, आणि गावच्या स्टेशनातली डोरेमॉनची टपालपेटी तिथल्याच ओतकामाची आहे. नवी वस्तू घेतली तर पैसा जिवंत कारागिराला पोचतो. जुनेच खरे, हा आग्रह मला पटत नाही.

कायद्याचे दोन शब्द. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी धातुमूर्ती ही पुरावस्तू ठरते. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिची नोंदणी करावी लागते. परदेशातल्या मुलाला भेट म्हणून आजोबांची जपानी मूर्ती पाठवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. नेत्सुके, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याला अडकवायचे छोटे शिल्प, पुष्कळदा हस्तिदंती असते. त्याच्या खरेदी-विक्रीच्या वाटेला आपल्याकडे जाऊच नये, वन्यजीव कायदा कडक आहे. धातूचा संग्रह या दृष्टीने निर्धोक.

जपणूक सोपी आहे. नाशिकची कोरडी हवा मुंबई-कोकणापेक्षा धातूला मानवते. पावसाळ्याचे चार महिने तेवढे सांभाळावे लागतात. मऊ सुती फडक्याने पुसणे, वर्षातून एकदा स्वच्छ मेणाचा पातळ हात, एवढे पुरते. जपानी कारागीरही शेवटी 'इबोता' नावाच्या किड्याचे मेण लावत. हिरवी भुकटी सुटू लागली, म्हणजे वस्तू खरोखर कळकली, तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी. आणि रोज हातात घ्यावी. तळहाताच्या स्पर्शाने उंच भागांवर जी मंद झळाळी येते ती घासून येत नाही. माझ्या कासवाच्या पाठीवर ती आता दिसू लागली आहे.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला घेतले ते अडकित्ते, दिवे, घरोघरचे साधे सामान. 1975 मध्ये तो सारा संग्रह त्यांनी सरकारला दिला, तेव्हा त्यांच्या गेलेल्या लहानग्या राजाचे नाव लागलेले एक संग्रहालय महाराष्ट्राला मिळाले. आपल्यातल्या बहुतेकांकडून तेवढे होणार नाही. पण घरातल्या कपाटात, माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत एखादा काळा पडलेला सारस, खेकडा, हसरा पोटुळ्या देव असेल तर या दिवाळीत त्याला बादलीत टाकू नका. त्याचे वजन करा, बुडाचा फोटो काढा, तो घरात कुणी आणि कधी आणला हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा, आणि एका वहीत लिहून ठेवा.